पीन्यातील चाचणी: तीन कोटिंग, एक धार

मंगळवार, दिनांक ११ फेब्रुवारी १९९७. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मी बंगळुरात बसमधून उतरलो. एका हातात कपड्यांची पिशवी होती, दुसऱ्या हातात सागवानी पेटी. पेटीत सहा बोरिंग टूल होती, म्हणजे धातूतले भोक मापात कापणारी हत्यारे. माझे वय अडुसष्ट. बंगळूर मी पूर्वी पाहिले नव्हते आणि या खेपेसही ते पाहण्यासाठी गेलो नव्हतो.

परत आल्यापासून कोल्हापूरच्या उद्यमनगरातील मंडळी एकच प्रश्न विचारत आहेत: कार्बाइडच्या टूलला कोटिंग करून घ्यावे का, आणि घ्यावे तर कोणते? प्रत्येकाला निराळे उत्तर देण्यापेक्षा जे घडले ते एकदाच लिहून ठेवतो.

मंगळवार: पीन्या

पीन्या हा बंगळुराचा कारखान्यांचा भाग. तेथे एका कारखान्यात पंपाच्या बिडाच्या बॉडी तयार होतात. त्या बॉडीतील मुख्य भोक अकरा वर्षे आमच्या टूलने पुरे होत आले आहे. पोलादी दांड्याच्या टोकाला आम्ही कार्बाइडची टिप ब्रेझ करून, म्हणजे धातूचा डाक वितळवून, बसवतो, घासतो आणि धार लावून पाठवतो. डिसेंबरात तेथील नव्या इंजिनियरचे पत्र आले. तुमचे टूल एका धारेत बावीस बॉडी करते. साठ व्हायला हव्यात. कोटिंग करून चाचणी द्या. साठ न झाल्यास एप्रिलपासून आम्ही परदेशी, वापरून टाकून द्यायच्या टिपा घेऊ. पत्रात आदर होता, सवलत नव्हती. उद्यमनगरातील आमच्या शेडमधील दोन तृतीयांश काम या एका कारखान्याचे आहे. ते गेले असते तर चार जुन्या कारागिरांना मला घरी पाठवावे लागले असते.

इंजिनियरचे आडनाव देसाई. वय तिशीचे, गाव निपाणीकडचे. घरात मराठी, बाहेर कन्नड, आणि दोन्ही एकाच वाक्यात. त्यांनी मला प्रथम कारखान्याबाहेर कॉफी प्यायला नेले. तेथे लोक उभ्याने खातात आणि एक कॉफी दोघांत घेतात. ‘बाय टू’ म्हटले की दोन पेले येतात, दोन्ही अर्धे. आपल्याकडे पाहुण्याला अर्धा पेला दिला तर तो अपमान समजतो. येथे मालक आणि कामगार दोघेही तसेच पितात. पद्धत मला आवडली. इडली मऊ होती. चटणी पुन्हा मागितली तरी कपाळाला आठी पडत नव्हती.

कार्यालयात आल्यावर देसायांनी पेटी उघडली, एक टूल उचलले आणि अंगठ्याच्या नखावर धार ओढून पाहिली.

“काका, धार मोडून आणलासा काय ओ? ह्यानं लोणी कापंल, बीड कापायचं नाही.”

हा आक्षेप मला नवा नव्हता. उद्यमनगरातही अनेकजण तो घेतात. आम्ही टूल घासून झाल्यावर डायमंडची हातपट्टी धारेवरून अगदी हलकी फिरवतो. त्यामुळे धारेचे अतितीक्ष्ण, ठिसूळ टोक निघून जाते आणि धार एका लहानशा गोलाईने संपते. ती डोळ्यांना दिसत नाही. नखाला मात्र ती बोथट वाटते. मी एवढे सांगितले. देसाई हसले आणि म्हणाले की ते मला खोटे ठरवत नाहीत, पण सहापैकी तीन टूल ते आपल्या टूलरूममध्ये पुन्हा घासून वस्तऱ्यासारखी करणार आहेत.

“जरूर करा,” मी म्हणालो. “मात्र तुमच्या तिन्हींवर खूण करा.”

त्यांनी दांड्यावर पंचाने एकेक टिंब उठवले. त्यांचे वागणे मला सरळ वाटले.

कोटिंगचा कारखाना तेथून तीन गल्ल्या पलीकडे होता. देसायांच्या स्कूटरवर, पेटी मांडीवर घेऊन गेलो. आत दवाखान्यासारखी स्वच्छता. चपला बाहेर. तेथील मुख्य बाईंना सगळे पद्मा मॅडम म्हणत. चाळिशीच्या असाव्यात, केसात मोगरा, अंगावर पांढरा कोट, गळ्यात दोरीने अडकवलेला चष्मा. माझ्याशी त्या हिंदीत बोलल्या.

देसायांना सहाही टूल सोनेरी करून हवी होती. त्यांच्या साहेबांनी प्रदर्शनात सोनेरी टूल पाहिली होती आणि ती त्यांच्या मनात भरली होती. मॅडमनी त्यांचे बोलणे पुरे होऊ दिले आणि मग मला विचारले: कापता काय? कोरडे कापता की पाण्यात? आणि आजवर टूल मरते ते कशाने?

अकरा वर्षांत मला हे कोणी विचारले नव्हते. मी सांगितले की बीड कापतो. कोरडे कापतो, कारण पाणी घातले की बिडाच्या भुकटीचा चिखल होतो. टूल तुटत नाही. तापते, आणि धारेखालची बाजू घासून चकचकीत होते.

“मग सोनेरी हा तुमच्यासाठी तिसरा रंग,” त्या म्हणाल्या.

त्यांनी जे समजावले ते वाचकांच्या उपयोगाचे आहे. कोटिंगची जाडी केसाच्या विसाव्या हिश्श्याएवढी असते. सोनेरी म्हणजे टायटॅनियम नायट्राइड. ते बहुतेक कामांत चालते आणि झीज चटकन दिसते, कारण सोन्याखालून करडा कार्बाइड डोकावू लागतो. करडे-निळसर कोटिंग त्याहून कठीण, पण उष्णतेत लवकर हार खाते. त्याला पाणी लागते. तिसऱ्यात ॲल्युमिनियम असते. ते जांभळट काळे दिसते. तापले की ते स्वतःवर एक साय धरते आणि आतल्या कार्बाइडपर्यंत उष्णता पोहोचू देत नाही. मात्र ॲल्युमिनियमचे काम असेल तर ते घेऊ नये, कारण धातू धारेला चिकटतो. चौथा, जुना प्रकार परदेशी टिपांवर असतो. त्याची भट्टी हजार अंशांची. त्या भट्टीत आमचे टूल घातले असते तर ब्रेझिंग वितळून टिप गळून पडली असती. मॅडमची भट्टी साडेचारशे अंशांची होती. ब्रेझ केलेले टूल कोटिंगला देणाऱ्याने हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा.

जांभळट नमुना पाहून देसायांनी तोंड वाकडे केले. “वांगं आहे की ओ हे. साहेबांच्या टेबलावर ठेवू कसं?”

खरे सांगायचे तर रंग मलाही आवडला नाही. त्याहून खरे सांगायचे तर मला कोणतेच कोटिंग नको होते. धार नीट असेल तर उघडा कार्बाइड पुरेसा आहे, असे मी चाळीस वर्षे म्हणत आलो होतो. परंतु त्या बाईंनी कामाची माहिती आधी विचारली होती आणि रंग नंतर दाखवला होता. तीनही प्रकारांत दोन-दोन टूल करावीत, एक आमच्या धारेचे आणि एक टिंबाचे, असे मी ठरवले. देसाई कबूल झाले. टिंबाची टूल त्यांनी दुपारपर्यंत घासून आणून दिली.

भट्टीत घालण्यापूर्वी मॅडमनी सहाही धारा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. टिंबाच्या तिन्हींवर त्यांनी फार वेळ घालवला नाही. आमच्या तीन टूलांवर बराच वेळ डोळा लावून बसल्या. मग मान वर करून म्हणाल्या की ही तिन्ही एकाच माणसाने, एकाच बैठकीत, घाई न करता केली आहेत. यंत्रावर सुद्धा इतके सारखे येत नाही. हात कोणाचा?

“काकांचा,” देसाई म्हणाले.

मग देसायांनी चाचणीचा तक्ता माझ्यापुढे ठेवला. इंग्रजीत छापलेला. टूल कोणाचे, कोटिंग कोणते, आणि एक रकाना: धार कोणी तयार केली. मी लिहिले, द. रा. माने. सही केली.

हे खरे नव्हते. पाच वर्षांपासून माझा उजवा हात थरथर कापतो. आमच्याकडे धारेवरची पट्टी माझी सून शैलजा फिरवते. ही गोष्ट शेडबाहेर कोणाला ठाऊक नव्हती, कारण मी ती सांगितली नव्हती.

बुधवार: चामराजपेट

भट्टीला एक दिवस लागणार होता. मुक्काम बंगळुरातल्याच चामराजपेटेत, माझी आतेबहीण गोदाक्का हिच्याकडे. ती माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. कोल्हापूर सोडून तिला पंचावन्न वर्षे झाली. तिच्या सासरी बुकबाइंडिंगचा धंदा आहे. पुढच्या खोलीत कारखाना, मागे घर. गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना छापखाने आणि कागदाची दुकाने. सकाळी दुधाआधी कागदाच्या हातगाड्या येतात.

जेवणात अक्की रोटी होती, म्हणजे तांदळाच्या पिठाची जाड भाकरी, कांदा आणि शेपू घालून थापलेली. बरोबर आमटीसारखी हुळी. आपल्या तांबड्या रश्श्याच्या मानाने तिखट कमी, आंबट जास्त. मी तसे म्हणालो.

“तुझी जीभ तिखटानं मेलेली आहे, दत्तू,” ती म्हणाली. “स्वल्प तूप घाल आणि गप जेव.”

जेवणानंतर मी त्यांचे कागद कापायचे यंत्र पाहिले. पाते बंगळुरातल्या शिवाजीनगरातून धार लावून आणलेले होते. कागदाच्या कडेला तुसे निघत होती. धार लावणाऱ्याने कोन बरोबर ठेवला होता, परंतु शेवटचा हात दिला नव्हता. मी दगड मागितला. पात्यावर चार वेळा ओढला. पाचव्या वेळी हात एवढा हलला की दगड पात्यावरून घसरला. बोट कापले नाही. मी दगड खाली ठेवला.

गोदाक्का दारात उभी होती. तिने हळद आणली नाही की विचारपूस केली नाही. एवढेच विचारले, की मग तुझी टूल कोण करते.

“शैलजा.”

“अशोकची बायको? आणि अशोक?”

“तो बँकेत आहे. त्याला तेलाचा वास चालत नाही.”

मग तिने सगळे काढून घेतले. मी तिला जेवढे सांगितले तेवढेच येथे लिहितो. शैलजा प्रथम टूल मोजून कागदात बांधायला शेडमध्ये येऊ लागली. एकदा या पीन्याच्या कारखान्यातून तीस टूल परत आली, त्यांतल्या बऱ्याच धारा तुटलेल्या. मी कार्बाइडला दोष दिला. तिने भिंग घेतले आणि त्या टूलांचे दोन ढीग केले. एका ढिगातली धार मी सकाळी लावलेली होती, दुसऱ्यातली जेवणानंतर. सकाळची एकही तुटलेली नव्हती. मी तिच्याशी दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी पट्टी तिच्या हातात दिली. त्यानंतर एकही टूल परत आलेले नाही.

“आणि हे तू तिला सांगितलंस?”

“तिला माहीत आहे. माल परत येत नाही हे तिला दिसते.”

“अय्यो, दत्तू. शाबास म्हणायला तोंड उघडलंस तर दात गळून पडतील काय रे तुझे?”

मी तक्त्याची गोष्टही सांगितली. सांगायला नको होती. गोदाक्का म्हणाली की पंचावन्न वर्षे या घरातली पुस्तके ती शिवते आहे, आणि आत शिक्का तिच्या सासऱ्याचा, मग नवऱ्याचा, आता मुलाचा आहे. तक्रार नाही. पण कोणी कधी विचारलेच नाही की टाका कोणाचा.

“तुला तर विचारलं होतं,” ती म्हणाली.

मी बाहेर जाऊन गल्लीच्या टोकापर्यंत फिरून आलो.

गुरुवार: पुन्हा पीन्या

सकाळी साडेसातला सहाही टूल हातात आली. दोन सोनेरी, दोन करडी, दोन जांभळट. पद्मा मॅडम स्वतः घेऊन आल्या होत्या आणि थांबणार होत्या.

लेथवर नंजप्पा होते. साठीला आलेले, खाकी शर्ट, कानामागे पेन्सिल. देसाई त्यांना अण्णा म्हणत. त्यांना मराठी येत नाही, मला कन्नड येत नाही. त्यांनी टिंबाचे टूल नखावर ओढले, आमचे ओढले, आणि आमचे टूल दोन बोटांत थोडा वेळ धरून ठेवले. अकरा वर्षे आमची टूल त्यांच्याच यंत्रावर लागत होती. जांभळट टूल पाहून ते म्हणाले, “बदनेकाई.” देसायांनी मला सांगितले की त्याचा अर्थ वांगे. त्या दिवसभर त्या टूलचे नाव तेच राहिले.

आठ वाजता सुरुवात झाली. प्रत्येक भोकात गेज, म्हणजे माप तपासायचा दांडा, जाते का, हे नंजप्पा स्वतः पाहणार. गेज अडकले की ते टूल संपले.

पहिले टिंबाचे सोनेरी लावले. कापणे सुरेख, आवाज मऊ. देसाई माझ्याकडे पाहत होते. अकराव्या बॉडीला गेज अडकले. मॅडमनी भिंगातून धार पाहिली. सोने धारेपासून खपलीसारखे सुटले होते आणि जाताना धारेचे टोक घेऊन गेले होते. मग आमचे सोनेरी. त्याने अडतीस केल्या. टिंबाचे करडे चौदाला संपले. आमच्या करड्याने एक्कावन्न केल्या.

प्रत्येक वेळी कारण एकच होते. मॅडमनी ते देसायांना चार शब्दांत सांगितले: सुरीच्या पात्यासारख्या धारेवर कोटिंगला पाय रोवायला जागा नसते. टोक इतके बारीक की कोटिंगचा स्वतःचा ताणच ते मोडतो. धार आधी गोलावली पाहिजे, आणि सर्वत्र सारखी. देसायांनी खिशातून डायरी काढून लिहून घेतले. आपली चूक लिहून घेणारा इंजिनियर मी फार पाहिलेला नाही.

जेवणाची सुटी झाली तेव्हा एक्कावन्न हा आमचा उत्तम आकडा होता. हवे होते साठ. कारखान्याच्या खानावळीत सांबार-भात घेतला; मला फारसा गेला नाही. काम गेले तर ज्या चार कारागिरांना घरी पाठवावे लागणार होते, त्यांपैकी दोघे माझ्याबरोबर वीस वर्षे आहेत.

सुटीनंतर टिंबाचे जांभळट. सतरा. मग आमचे.

चाळीस सहज झाल्या. पन्नासाव्या बॉडीला नंजप्पांनी यंत्र न थांबवता टूलवर नजर टाकली आणि मान हलवली. साठावी झाली. गेज सहज गेले. देसाई म्हणाले की झाले, थांबवू. नंजप्पा थांबले नाहीत. त्यांनी कन्नडमध्ये काही म्हटले, देसाई हसले आणि मला सांगितले, “अण्णा म्हणतात, बदनेकाई अजून कच्चंच आहे, पिकल्याशिवाय काढायचं नाही.”

ऐंशीव्या बॉडीला गेज अडकले. तेव्हा पावणेचार झाले होते.

उघड्या कार्बाइडचे बावीस, आणि हे ऐंशी. चाळीस वर्षे मी जे म्हणत होतो ते अर्धेच बरोबर होते. धारेचे बरोबर, कोटिंगचे चूक. ज्यांनी माझे ऐकून आजवर कोटिंग घेतले नाही त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे. मात्र नुसते कोटिंग घेऊन अकरा, चौदा आणि सतरा मिळतात, हेही वाचावे.

देसायांनी हात पुढे केला. एप्रिलनंतरही काम आमचेच, आणि आणखी दोन मापांची टूल करून पाठवा, असे त्यांनी तेथेच सांगितले. मग त्यांनी आजूबाजूच्या कामगारांना बोलावून ते टूल दाखवले. “बघा, ह्याला हात म्हणतात. यंत्र नाही, धरायला जिग नाही. काकांचा हात.”

पंधरावीस माणसे माझ्या हाताकडे पाहू लागली. मी तो खिशात घातला.

कॉफी आली, अर्धे पेले. मी माझा पुरा प्यालो. खोटी स्तुती पचायला किती वेळ लागतो हे मला माहीत नव्हते. एक पेला पुरत नाही एवढे कळले. मी देसायांकडे चाचणीचा तक्ता मागितला.

“यात दुरुस्ती आहे.”

“कसली ओ? आकडे बरोबर आहेत की.”

“आकडे बरोबर आहेत. नाव चूक आहे. धार माझी नाही. माझा हात पाच वर्षांपासून कापतो. ही माझ्या सुनेने लावली आहे.”

“सूनबाई? कार्बाइडला? काय चेष्टा करतासा काय काका?”

“मी चेष्टा करत नाही.”

देसायांनी नंजप्पांना कन्नडमध्ये सांगितले. नंजप्पांनी टूल पुन्हा उचलले, नखावर ओढले आणि म्हणाले, “सरी,” म्हणजे ठीक आहे. त्यांना त्यात नवल वाटले नाही. पद्मा मॅडमनी मला एकच विचारले, की हे त्या सूनबाईंना कधी सांगणार. मी म्हणालो की लिहून देणार आहे. त्यावर त्या म्हणाल्या की पुढच्या खेपेस टूल घेऊन तिनेच यावे. सूक्ष्मदर्शकाखाली तिची धार तिने स्वतः पाहावी. हे मला सुचले नव्हते. मी होकार दिला.

आपली मुले चांगली निघाली तर आपण गावभर सांगतो. सुना चांगल्या निघाल्या तर स्वयंपाकाचे कौतुक करतो. माझ्या शेडमध्ये बसून एक बाई असे काम करते की बंगळुरातील कारखाना ते भिंगातून पाहून थांबतो; याचा मला अभिमान आहे. हे वाक्य मी प्रथमच लिहीत आहे.

तक्त्यावर ‘द. रा. माने’ यावर एक सरळ रेघ मारली. खोडले नाही, नियमाप्रमाणे जुने नाव वाचता आले पाहिजे. वर इंग्रजी अक्षरांत लिहिले: शैलजा अशोक माने. हात कापत होता, म्हणून सावकाश लिहिले. दुरुस्तीशेजारी माझी आद्याक्षरे आणि तारीख घातली. मग फाटकाबाहेरच्या दुकानात शैलजासाठी तक्त्याची एक झेरॉक्स काढून घेतली, ती न दुमडता पेटीत सहा टूलांच्या वर ठेवली, आणि पेटीला सुतळी बांधली.